विश्लेषण : एक्स्टर्नल हार्ड डिस्क संगणकाला दिसत नाही? ‘फॉरमॅट’ दाबण्याआधी काय तपासावे?

लग्नाचे चित्रीकरण, मुलांचे लहानपणीचे फोटो, दुकानाचे टॅलीमधील हिशेब, पीएचडीचा प्रबंध, हाउसिंग सोसायटीची कागदपत्रे असे बरेच काही तळहाताएवढ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये साठवलेले असते. एखाद्या दिवशी ती लॅपटॉपला जोडल्यावर दिवा लागतो, पण ‘धिस पीसी’मध्ये तिचे नावच दिसत नाही. किंवा नाव दिसते, पण उघडायला गेल्यावर ‘वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ अशी चौकट समोर येते. डिस्क गेली असे समजून घाईत काहीतरी दाबले जाते. प्रत्यक्षात दोष दीडशे-दोनशे रुपयांच्या केबलचाही असू शकतो आणि आतल्या फाइल्स पूर्ण शाबूत असू शकतात. शाबूत असलेली माहिती कायमची जाते ती अनेकदा त्यानंतर केलेल्या उपायांमुळे. म्हणूनच काय करायचे याइतकेच ते कोणत्या क्रमाने करायचे आणि कुठे थांबायचे, हेही महत्त्वाचे ठरते.

‘डिस्क दिसत नाही’ म्हणजे नेमके काय?

डिस्क जोडल्यापासून त्यातील फोल्डर पडद्यावर दिसेपर्यंत चार टप्पे पार पडतात. पहिला टप्पा विजेचा. डिस्कला यूएसबी पोर्टमधून पुरेशी वीज मिळून आतील मोटर फिरली पाहिजे. दुसरा टप्पा ओळखीचा. डिस्कच्या डबीत एक छोटा सर्किट बोर्ड असतो. तो हार्ड डिस्कची भाषा यूएसबीच्या भाषेत बदलतो आणि ‘मी अमुक कंपनीची, अमुक क्षमतेची डिस्क आहे’ असे संगणकाला कळवतो. तिसरा टप्पा पार्टिशनचा. डिस्कच्या सुरुवातीला तिचे किती भाग पाडले आहेत याची नोंद असते, ती संगणक वाचतो. चौथा टप्पा फाइल सिस्टमचा. कोणती फाइल डिस्कवर कुठे ठेवली आहे याची ती अनुक्रमणिका असते.

यापैकी कोणताही एक टप्पा अडला, तरी वापरकर्त्याला दिसणारा परिणाम एकच असतो : डिस्क उघडत नाही. उपाय मात्र प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा असतो. विजेची अडचण सॉफ्टवेअरने सुटत नाही आणि अनुक्रमणिका बिघडली असेल तर केबल बदलून काही होत नाही.

सर्वांत आधी आवाज का ऐकावा?

हार्ड डिस्कच्या आत काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत तबकड्या असतात. पोर्टेबल डिस्कमध्ये त्या साधारणपणे मिनिटाला ५४०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या मारतात. त्यांच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर वाचन-लेखन करणारे ‘हेड’ तरंगत असते. माणसाचा केस साधारण ७० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाडीचा असतो. त्यावरून हे अंतर किती सूक्ष्म आहे याचा अंदाज यावा. चालू असताना डिस्क टेबलावरून पडली, तर हेड तबकडीवर आपटून तिचा चुंबकीय थर खरवडला जाऊ शकतो.

त्यामुळे खोलीतील पंखा बंद करून डिस्क कानाजवळ न्यावी. हलकी, सलग घरघर येत असेल, तर मोटर फिरते आहे. ठरावीक अंतराने ‘टक-टक’ असा आवाज येत असेल, तर हेडला आपली जागा सापडत नसण्याची शक्यता असते. ‘पीं-पीं’ किंवा गुणगुण असा आवाज मोटर फिरू न शकल्याचा असतो. त्यामागे वीज कमी पडणे हे कारण असू शकते किंवा हेड तबकडीला चिकटलेले असू शकते. अशा वेळी दुसरे पोर्ट आणि दुसरी केबल एकदा वापरून पाहायला हरकत नाही. तरीही तोच आवाज आला, तर डिस्क काढून ठेवावी. टक-टक करणारी डिस्क पुन:पुन्हा जोडून पाहणे म्हणजे बिघडलेले हेड तबकडीवरून पुन:पुन्हा फिरवणे. प्रत्येक प्रयत्नागणिक वाचवता येण्याजोगी माहिती कमी होत जाते. पुढे दिलेले सॉफ्टवेअरचे उपाय अशा डिस्कसाठी नाहीत.

केबल आणि पोर्टचा दोष कसा ओळखावा?

आवाज ठीक असेल, तर तपासणी केबलपासून सुरू करावी. अनेक पोर्टेबल डिस्कला रुंद, दोन भागांची पिन असलेली केबल लागते. बॅगेत वारंवार वाकून किंवा ओढली जाऊन ती आतून तुटते. वीज जाते म्हणून दिवा लागतो, पण माहिती वाहून नेणारी तार तुटलेली असल्याने संगणकाला काहीच कळत नाही. टाइप-सी डिस्कच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या असतात आणि त्यांत माहितीच्या तारा नसतात. म्हणून केबल तपासताना डिस्कसोबत आलेली किंवा ज्या केबलने दुसऱ्या उपकरणातून फाइल कॉपी झाल्याचे माहीत आहे, तीच वापरावी.

दुसरा प्रश्न विजेचा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देण्यासाठी आखलेले आहे. डिस्कच्या मोटरला सुरुवातीचा वेग घेताना सर्वाधिक वीज लागते. जुन्या लॅपटॉपचे पोर्ट किंवा एकाच पोर्टवर माउस, कीबोर्ड आणि पेन ड्राइव्ह जोडलेला हब या वेळी कमी पडतो. मग डिस्क क्षणभर दिसते आणि गायब होते. हब व एक्स्टेन्शन केबल काढून डिस्क थेट संगणकाला जोडावी. डेस्कटॉप असेल तर पुढच्या बाजूच्या पोर्टऐवजी मागच्या बाजूचे, मदरबोर्डवरील पोर्ट वापरावे. पुढचे पोर्ट कॅबिनेटच्या आतील जास्तीच्या वायरने जोडलेले असते. लॅपटॉप चार्जरला लावून पाहावा.

मोठ्या, म्हणजे साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर लागतो. तो साधारणपणे १२ व्होल्टचा असतो. पिन बसते म्हणून लॅपटॉपचा किंवा दुसऱ्या उपकरणाचा अडॅप्टर लावणे महागात पडते. जास्त व्होल्टेजमुळे डिस्कचा बोर्ड जळू शकतो.

यानंतर तीच डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावी. तिथे ती उघडली, तर दोष डिस्कचा नाही हे सिद्ध होते. तसे झाल्यास सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइल्स तिथेच कॉपी करून घ्याव्यात, मूळ संगणकाची दुरुस्ती नंतर करता येते. बँका आणि अनेक कार्यालयांतील लॅपटॉपवर सुरक्षा धोरण म्हणून यूएसबी डिस्क बंद केलेल्या असतात. तिथे डिस्क दिसली नाही, तर तो बिघाड नसतो.

विंडोजमध्ये नेमके कुठे पाहावे?

‘धिस पीसी’मध्ये डिस्क नसली, तरी विंडोजला ती कळलेली असू शकते. त्यासाठी स्टार्टच्या बटणावर राइट-क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. खालच्या भागात संगणकाला जोडलेल्या सर्व डिस्क क्रमाने दिसतात. आपली कोणती हे क्षमतेवरून ओळखावे. कंपन्या एक टेराबाइट दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज द्विमान पद्धतीने. त्यामुळे एक टेराबाइटची डिस्क तिथे सुमारे ९३१ जीबी, तर दोन टेराबाइटची सुमारे १८६३ जीबी दिसते. क्षमता कमी दिसते म्हणजे डिस्क बिघडली असे नाही.

इथे दिसणाऱ्या स्थितीवरून अडचण कोणत्या टप्प्यावर आहे ते कळते.

‘हेल्दी’ असे लिहिले आहे, पण शेजारी ई, एफ असे अक्षर नाही : ही सर्वांत सोपी अडचण. डिस्क ठीक आहे, तिला फक्त अक्षर मिळालेले नाही किंवा तेच अक्षर ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हने घेतलेले आहे. त्या भागावर राइट-क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून नवे अक्षर द्यावे. यात फाइल्सना धक्का लागत नाही.

‘ऑफलाइन’ : डिस्कच्या नावावर राइट-क्लिक करून ‘ऑनलाइन’ निवडावे. हेही सुरक्षित आहे.

‘रॉ’ : पार्टिशन सापडले, पण त्यातील अनुक्रमणिका विंडोजला वाचता येत नाही. फॉरमॅटची चौकट येते ती बहुधा याच स्थितीत. इथे थांबावे.

‘अनॅलोकेटेड’ आणि क्षमता बरोबर : पार्टिशनची नोंद हरवली आहे किंवा डिस्क दुसऱ्याच यंत्रणेसाठी तयार केलेली आहे. ‘न्यू सिम्पल व्हॉल्यूम’ करू नये, कारण त्याच्या शेवटी फॉरमॅटच होते.

‘नॉट इनिशियलाइज्ड’ : डिस्क मॅनेजमेंट उघडताच ‘एमबीआर की जीपीटी’ असे विचारणारी चौकट येते. नवी कोरी डिस्क असेल तरच ‘ओके’ म्हणावे. जुन्या डिस्कसाठी ‘कॅन्सल’ दाबावे, अन्यथा पार्टिशनच्या जुन्या नोंदीच्या जागी नवी लिहिली जाते.

‘नो मीडिया’ किंवा क्षमता शून्य : डबीतील बोर्ड उत्तर देतो आहे, पण आतील डिस्क देत नाही. हा दोष बहुधा यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक असतो. सॉफ्टवेअरने तो सुटत नाही.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये काहीच दिसत नसेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून यूएसबीच्या यादीत पिवळे उद्गारचिन्ह आहे का ते पाहावे. असल्यास त्या नोंदीवर राइट-क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करावे, डिस्क काढावी, संगणक रीस्टार्ट करावा आणि मग डिस्क पुन्हा जोडावी. विंडोज ड्रायव्हर नव्याने बसवते. या कृतीत ड्रायव्हर काढला जातो, फाइल्स नव्हे.

फॉरमॅट केल्यावर फाइल्स खरोखर जातात का?

विंडोज फॉरमॅट करायला सांगते तेव्हा ‘मला ही अनुक्रमणिका वाचता येत नाही’ एवढाच त्याचा अर्थ असतो. डिस्क रिकामी आहे असे नव्हे. ‘क्विक फॉरमॅट’मध्ये जुनी अनुक्रमणिका बाजूला सारून नवी, कोरी लिहिली जाते. फाइल्सचा मजकूर तबकडीवर तसाच राहतो, पण ती जागा आता मोकळी समजली जाते आणि पुढची कॉपी होणारी फाइल त्यावर लिहिली जाऊ शकते. म्हणून हार्ड डिस्कवर चुकून क्विक फॉरमॅट झाले आणि त्यानंतर काहीही लिहिले गेले नाही, तर बराच भाग परत मिळण्याची आशा असते.

‘क्विक’समोरची खूण काढून केलेले पूर्ण फॉरमॅट वेगळे. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सर्व आवृत्त्यांमध्ये पूर्ण फॉरमॅट करताना संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात. त्यानंतर माहिती परत मिळवण्याचा व्यवहार्य मार्ग राहत नाही.

डिस्क बिघडलेली नाही, तरी दिसत नाही; असे कधी होते?

मॅकवर तयार केलेली डिस्क विंडोजला जोडली, की नेमके हेच घडते. अ‍ॅपलची ‘एपीएफएस’ किंवा त्याआधीची ‘एचएफएस प्लस’ ही फाइल सिस्टम विंडोज स्वत:हून वाचत नाही. ते त्या डिस्कला रॉ समजते किंवा तिला अक्षरच देत नाही. उलट, विंडोजची ‘एनटीएफएस’ डिस्क मॅकवर उघडते, फाइल्स दिसतात, पण त्यावर काही लिहिता येत नाही. लिनक्सच्या ‘ईएक्सटी ४’बाबतही विंडोजची अडचण तशीच आहे. मॅकवर डिस्क दिसत नसेल तर ‘डिस्क युटिलिटी’ उघडून ‘शो ऑल डिव्हाइसेस’ निवडावे आणि फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये एक्स्टर्नल डिस्क दाखवण्याची खूण आहे का ते पाहावे.

सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून काढलेली हार्ड डिस्कही संगणकाला अनेकदा रिकामी दिसते, कारण बऱ्याच रेकॉर्डरची फाइल सिस्टम त्यांची स्वतंत्र असते. सोसायटीत चोरी झाल्यावर पुरावा पाहण्यासाठी डिस्क लॅपटॉपला जोडायची आणि विचारले म्हणून फॉरमॅट करायची, हा पुरावाच पुसण्याचा प्रकार ठरतो. असे चित्रीकरण त्याच रेकॉर्डरमधून पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे.

टीव्ही आणि फोनबाबतही काळजी हवी. रेकॉर्डिंगची सोय असलेले काही स्मार्ट टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स डिस्क जोडताच ती आपल्या पद्धतीने फॉरमॅट करण्याची परवानगी मागतात. रिमोटवर सहज ‘ओके’ दाबले जाते आणि घरच्या फोटोंची डिस्क टीव्हीची होऊन बसते. ओटीजी अडॅप्टरने फोनला जोडलेली मोठी हार्ड डिस्क तर अनेकदा वीज कमी पडल्याने फिरतच नाही आणि फिरली, तरी काही अँड्रॉइड फोन एनटीएफएस वाचत नाहीत. फोनवर ‘सेट अप’ किंवा ‘फॉरमॅट’ असे विचारले, तर नाही म्हणून डिस्क काढून घ्यावी.

‘बिटलॉकर’ने कुलूपबंद केलेली डिस्कही पासवर्ड दिल्याशिवाय उघडत नाही. पासवर्ड विसरल्यास ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात, फाइलमध्ये किंवा कागदावर जपलेली असू शकते. पासवर्डही नाही आणि कीही नाही, अशा स्थितीत प्रयोगशाळाही फारशी मदत करू शकत नाही.

डिस्क उघडते, पण फाइल्सच दिसत नसतील तर?

सायबर कॅफे, झेरॉक्स सेंटर किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये डिस्क लावून आणल्यानंतर सर्व फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागले, तर तो व्हायरसचा प्रताप असतो. मूळ फोल्डर बहुधा तिथेच असतात, व्हायरसने ते लपवलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक केल्यास व्हायरस त्या संगणकातही शिरतो. आधी अद्ययावत अँटिव्हायरसने डिस्क स्कॅन करावी. त्यानंतर फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘हिडन आयटेम्स’ सुरू करावे. त्यानेही फोल्डर दिसले नाहीत, तर त्याच्या पर्यायांमधील संरक्षित सिस्टम फाइल्स लपवणारी खूण तात्पुरती काढावी. डिस्कची भरलेली जागा पूर्वीइतकीच दिसत असेल, तर फाइल्स आत आहेत असे समजायला हरकत नाही.

‘स्कॅन अँड फिक्स’ किंवा चेकडिस्क चालवावे का?

डिस्क अचानक ओढून काढली किंवा कॉपी सुरू असताना वीज गेली, की अनुक्रमणिका अर्धवट राहते. ती दुरुस्त करण्यासाठी विंडोजमध्ये चेकडिस्क ही सोय आहे. पण तिचे काम अनुक्रमणिका सुसंगत करणे हे आहे, तुमच्या फाइल्स वाचवणे हे नव्हे. मेळ न बसणाऱ्या नोंदी ती काढून टाकते आणि सुटे तुकडे वेगळ्या नावाने एका फोल्डरमध्ये ठेवते. निरोगी डिस्कवर हे चालते. पण तबकडीच खराब होत असेल, तर तासन्तास चालणारी ही तपासणी डिस्कला शेवटचा धक्का देऊ शकते.

म्हणून आधी डिस्कची तब्येत पाहावी. हार्ड डिस्क स्वत:च्या दोषांची नोंद ‘स्मार्ट’ या यंत्रणेत ठेवत असते. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती वाचता येते. त्यातील ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ म्हणजे खराब झाल्याने बदललेल्या जागा आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ म्हणजे वाचताना अडलेल्या जागा. हे आकडे वाढत असतील, तर दुरुस्तीचा विचार सोडून फाइल्स बाहेर काढण्याला प्राधान्य द्यावे. सर्वांत महत्त्वाचे फोल्डर आधी कॉपी करावेत. संपूर्ण डिस्क एकदम कॉपी करायला घेऊ नये, कारण वाटेत डिस्क थांबली तर नको ते वाचलेले आणि हवे ते राहिलेले असते.

वेळेचाही अंदाज असावा. सेकंदाला १०० एमबी या वेगाने एक टेराबाइट कॉपी व्हायला पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. यूएसबी २.० पोर्टवर सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास वेग मिळाला, तर हेच काम सुमारे आठ तासांचे होते.

रिकव्हरी सॉफ्टवेअर घरी वापरता येते का?

डिस्कचा आवाज ठीक आहे, डिस्क मॅनेजमेंटमध्ये क्षमता बरोबर दिसते, पण ती रॉ किंवा अनॅलोकेटेड आहे, एवढ्याच स्थितीत घरी प्रयत्न करावा. टेस्टडिस्क हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर हरवलेले पार्टिशन शोधते, तर त्याच संचातील फोटोरेक अनुक्रमणिकेकडे न पाहता फाइलच्या सुरुवातीच्या खुणांवरून फोटो, व्हिडीओ आणि दस्तऐवज ओळखून काढते. फोटोरेकने मिळालेल्या फाइल्सची मूळ नावे आणि फोल्डर सहसा राहत नाहीत. हजारो फोटो पुन्हा लावत बसण्याची तयारी ठेवावी लागते.

दोन नियम मात्र पाळायलाच हवेत. सॉफ्टवेअर बिघडलेल्या डिस्कवर बसवू नये. आणि सापडलेल्या फाइल्स त्याच डिस्कवर साठवू नयेत. त्यासाठी तितकीच किंवा जास्त मोकळी जागा असलेली दुसरी डिस्क हाताशी हवी. टेस्टडिस्कमध्येही सापडलेले पार्टिशन डिस्कवर लिहिण्याआधी त्यातील फाइल्स नुसत्या पाहता आणि कॉपी करता येतात. आधी तेच करावे. माहिती अमूल्य असेल, तर डिस्कची तंतोतंत प्रतिमा घेऊन त्या प्रतिमेवर काम करणे सर्वांत सुरक्षित.

घरगुती ‘जुगाड’ कितपत चालतात?

डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. बाहेर काढल्यावर दमट हवेत तबकडीवर बाष्प धरते आणि त्यावरून हेड फिरले, की नुकसान वाढते. कोकण-मुंबईच्या हवेत तर हा धोका अधिकच. डिस्क हातावर आपटणे हा दुसरा जुगाड. चिकटलेले हेड सुटण्याऐवजी तुटू शकते.

डबी उघडून आतील डिस्क दुसऱ्या डबीत घालणे हा उपाय काही वेळा खरोखर चालतो, कारण दोष फक्त यूएसबी बोर्डचा असू शकतो. पण काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा जोड थेट डिस्कच्या मुख्य बोर्डवरच असतो आणि दुसऱ्या काहींत तो बोर्ड माहिती सांकेतिक रूपात बदलून लिहीत असतो. तिथे डबी बदलून उपयोग होत नाही आणि वॉरंटीही जाते. सारख्याच मॉडेलचा सर्किट बोर्ड आणून बसवणे हेही आता सरळ राहिलेले नाही, कारण प्रत्येक डिस्कच्या जुळणीची माहिती तिच्याच बोर्डवरील चिपमध्ये असते. तबकड्यांवरचे धातूचे झाकण मात्र घरात कधीही उघडू नये. हवेतील धुळीचा कणही हेडच्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो.

डिस्क दुरुस्तीला देताना काय विचारावे?

मुंबईतील लॅमिंग्टन रोड, पुण्यातील तापकीर गल्ली किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या संगणक दुकानांत केबल, डबी किंवा कनेक्टरचे काम होते. हेड किंवा मोटरचा दोष असेल, तर धूळमुक्त कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेतच जावे लागते आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. तपासणीचे शुल्क किती, डिस्क उघडणार का आणि कुठे, पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइल्सची यादी दाखवणार का, माहिती मिळाली नाही तर किती आकारणार, मूळ डिस्क परत देणार का, हे प्रश्न आधी विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. डिस्क पडली होती का, कोणते सॉफ्टवेअर चालवले, हे खरे सांगावे. ‘आधी फॉरमॅट करून बघू’ म्हणणाऱ्याकडून डिस्क परत घ्यावी.

वॉरंटीबाबत एक गैरसमज असतो. वॉरंटी सर्वसाधारणपणे वस्तूची असते, आतल्या माहितीची नव्हे. बदलून मिळते ती दुसरी डिस्क, आणि जुनी सहसा परत मिळत नाही. माहिती हवी असेल, तर ती आधी बाहेर काढून मगच दावा करावा.

एसएसडी घेतली तर हा प्रश्न सुटतो का?

पोर्टेबल एसएसडीमध्ये फिरणारे भाग नसतात, त्यामुळे पडल्याने बिघडण्याचा धोका बराच कमी होतो. पण ती बिघडते तेव्हा अनेकदा कोणताही आवाज किंवा पूर्वसूचना न देता एकदम बंद पडते. शिवाय ‘ट्रिम’ नावाची सोय सुरू असेल, तर पुसलेल्या फाइल्सची जागा एसएसडी स्वत:च साफ करते. हार्ड डिस्कवर चुकून पुसलेले जेवढे परत मिळू शकते, तेवढे तिथे मिळेलच असे नाही. ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणाऱ्या १६ टेराबाइटच्या ‘एसएसडी’पासून तर दूरच राहावे. त्यांच्या डबीत छोटे मेमरी कार्ड बसवून क्षमता खोटी दाखवल्याचे प्रकार उघड झाले आहेत. खरी जागा संपली, की पुढच्या फाइल्स कॉपी झाल्यासारख्या दिसतात, पण उघडत नाहीत.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून काय करावे?

घरोघरी होणारी मोठी चूक म्हणजे फोन आणि लॅपटॉपमधील जागा मोकळी करण्यासाठी फोटो हार्ड डिस्कवर ‘हलवणे’. त्यानंतर ती डिस्क बॅकअप राहत नाही, एकमेव प्रत होते. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम इथे उपयोगी पडतो : महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. सामान्य कुटुंबासाठी याचा अर्थ लॅपटॉपवर एक प्रत, हार्ड डिस्कवर दुसरी आणि क्लाउडवर किंवा नातेवाइकांकडे ठेवलेल्या डिस्कवर तिसरी. सगळेच टेराबाइट क्लाउडवर नेण्याची गरज नाही. कागदपत्रे, हिशेब आणि निवडक फोटो यांना फार जागा लागत नाही.

विंडोज आणि मॅक दोन्हींवर वापरायची डिस्क नवी असतानाच ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट करून घ्यावी. काढताना ‘सेफली रिमूव्ह’ किंवा ‘इजेक्ट’ करूनच काढावी. विंडोज १० च्या २०१८ मधील आवृत्तीपासून डिस्क लगेच काढता येईल अशी मांडणी मूळ सेटिंगमध्येच असली, तरी कॉपी सुरू असताना केबल ओढल्यास एक्सफॅटची अनुक्रमणिका बिघडण्याचा धोका राहतोच. डिस्क चालू असताना उचलू नये, पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या पुडीसह कोरड्या डब्यात ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी जोडून चार जुन्या फाइल्स उघडून पाहाव्यात. ज्यांच्याकडे आज एकाच डिस्कवर सर्व काही आहे आणि ती डिस्क अजून नीट उघडते आहे, त्यांनी दुसरी प्रत करण्याचे काम याच आठवड्यात उरकावे.